सातबाऱ्यावरचा शब्द

मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीच्या खिडकीशी उभं राहून सत्यशीलानं मोबाइलवर सातबारा उघडला, तेव्हा तिला एवढंच बघायचं होतं की नाव चढलं की नाही. नवऱ्याला, इंद्रजितला, जाऊन दहा महिने झाले होते. वारसाचा फेरफार मंजूर झाल्याचा निरोप दारव्ह्याहून आदल्या दिवशी आला होता. कागद उघडायला वेळ लागला. आधी रेघा आल्या, मग आकडे, गटाचा नंबर, क्षेत्र, आणि शेवटी नावं. बबन नागोराव मुनेश्वर हा तिचा दीर. त्याच्याखाली इंद्रजित नागोराव मुनेश्वर, पण कंसात, म्हणजे नाव कमी केलेलं. कंसातला इंद्रजित तिला एकदम लहान वाटला, दोन्ही हात अंगाशी धरून उभा असल्यासारखा. आणि त्याच्याखाली तिची ओळ होती : सत्यशीला बेवा इंद्रजित मुनेश्वर. शेवटी लेक, अपेक्षा इंद्रजित मुनेश्वर. तिनं आपली ओळ पुन्हा वाचली. मधला शब्द आधी तिला छपाईची चूक वाटला. मग तो कळला, आणि कळल्याबरोबर तोंडातला भाकरीचा घास कोरडा झाला. गेल्या दहा महिन्यांत हा अर्थ तिला अनेकांनी अनेक तऱ्हेनं सांगितला होता, नजरेनं, गप्प बसून, हळदीचं ताट तिच्यासमोरून पुढे सरकवून. पण तिच्या नावाच्या आत, तिच्या आणि त्याच्या मधोमध, तो कुणी बसवला नव्हता. फोन हातात असतानाच वाजला. बबनराव होते. "वहिनी, नाव चढलं म्हने. बरं झालं. आता रविवारी या. हक्कसोडीचा कागद तयार करून ठेवतो, तुमची अन् अपेक्षाची सही झाली का मोकळ्या झाल्या तुमी. तुमाले कायले डोक्याले ताप." त्यांच्या आवाजात वाईट काही नव्हतं. ती म्हणाली, "येते रविवारी." घंटा झाली.

आठवीच्या वर्गात त्या दिवशी पुल्लिंग-स्त्रीलिंग होतं. एकोणीस वर्षं ती यवतमाळच्या या शाळेत इंग्रजी शिकवत होती आणि एकोणीस वर्षं तीच यादी त्याच क्रमानं फळ्यावर लिहीत होती. लायन, लायनेस. ॲक्टर, ॲक्ट्रेस. होस्ट, होस्टेस. डावीकडे पुरुष, उजवीकडे बाई, आणि बाईच्या शब्दाला मागे लावलेलं एक शेपूट. यादीच्या तळाशी विडोअर, विडो. तिनं खडू खाली ठेवला, तेव्हा खिडकीजवळच्या एका मुलीनं हात वर केला. "मॅडम, शेवटच्यात उलटं आहे. बाईचा शब्द छोटा आहे, अन् माणसाच्याच शब्दाले शेपूट आहे. असं काहून?" वर्ग थोडा हसला. सत्यशीला वळून फळ्याकडे बघत राहिली. खरंच उलटं होतं. इतक्या वर्षांत ना तिच्या लक्षात आलं, ना कुणी विचारलं. "कारण बाईचा शब्द आधी होता," ती म्हणाली. "पुरुषासाठी तो नंतर बनवला." "किती आधी होता, मॅडम?" मुलगी खाली बसायला तयार नव्हती. "फार आधी," सत्यशीला म्हणाली आणि आपण हे कुठून बोललो याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं. फळा पुसताना तो शब्द तिनं सगळ्यात शेवटी पुसला. खडूची पूड मनगटावर पडली आणि तिच्या मनात एक जुना, उंच, हिरवट फळा उघडत गेला, नागपूरचा, पंचवीस वर्षांपूर्वीचा.

एम. ए.च्या शेवटच्या वर्षाला भाषाशास्त्राचा एक पेपर होता आणि तो शिकवायला एक किडकिडीत, सतत खोकणाऱ्या मॅडम होत्या. त्या पुस्तक आणत नसत. वर्गात यायच्या, फळ्याच्या अगदी वर एक चांदणी काढायच्या, चांदणीपुढे एक शब्द लिहायच्या आणि त्याच्याखाली फांद्या सोडायच्या. संस्कृत, इराणी, लॅटिन, जर्मन, रशियन. पहिल्या दिवशी कुणीतरी विचारलं होतं, की चांदणी कशासाठी. मॅडम म्हणाल्या होत्या, "हा शब्द कुणी ऐकलेला नाही आणि कुठे लिहिलेला सापडलेला नाही. त्याच्या लेकरांचे चेहरे बघून आपण त्याचा चेहरा काढलाय, हे सांगायला." सत्यशीला तेव्हा दुसऱ्या बाकावर बसायची. तिचे वडील गवंडी. घरात तिच्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. संस्कृतातले शब्द तिला नेहमी दुसऱ्याच्या घरातल्या भांड्यांसारखे वाटत आले होते, चकचकीत, मांडणीवर ओळीनं लावलेले, हात लावला तर कुणीतरी बघेल असे. आणि मॅडमच्या फळ्यावर तेच शब्द निमूटपणे एका फांदीला लोंबकळत होते, शेजारच्या फांदीवर गॉथ आणि स्लाव लोकांचे शब्द आणि सगळ्यांच्या वर कुणाच्याच मालकीचा नसलेला एक तुकडा. तिला आठवतं, त्या दिवशी वसतिगृहावर चालत जाताना तिचं अंग हलकं झालं होतं. हे झाड कुणाच्या अंगणातलं नव्हतं. तिला त्यावरच पुढे काम करायचं होतं, मॅडमही तयार होत्या. पण मधे लग्न आलं, मग डी. एड., बी. एड., नोकरी, अपेक्षा. त्याचं तिला फार दुःखही झालं नव्हतं. इंद्रजित लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता. तो तिला कधीकधी विचारायचा, "तुहं झाड काय म्हणते?" आणि ती एखादा शब्द सांगायची. तो हातातला टेस्टर खिशाला लावत ऐकायचा. आपलं नाव आणि संस्कृतातलं नाम आणि इंग्रजीतलं नेम एकच आहेत हे ऐकून तो फार खूश झाला होता आणि आठवडाभर कारखान्यात सगळ्यांना सांगत सुटला होता.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर तिनं पलंगाखालची पेटी ओढली. वह्यांची पानं पिवळी पडून एकमेकांना चिकटली होती. तिला हवं असलेलं पान मिळायला तासभर गेला, आणि मिळालं तेव्हा ते तिच्याच अक्षरात होतं, वर चांदणी, खाली फांद्या, अगदी नीट, परीक्षेत विचारतील म्हणून पाठ केलेलं. संस्कृत विधवा. पालीत विधवा. लॅटिन विदुआ. रशियन व्दोवा. जर्मन विट्वे. इंग्रजी विडो. आणि इराणी फांदीच्या टोकाला फारसीतलं बेवा. म्हणजे हा शब्द तिनं स्वतःच्या हातानं लिहिला होता, बाविसाव्या वर्षी, निळ्या शाईनं. तो मोगलाईतल्या दफ्तरांतून, इंग्रजांच्या महसुलातून चालत चालत वऱ्हाडात आला आणि तलाठ्याच्या नोंदीतून तिच्या नावात येऊन बसला. तिच्या शाळेच्या कागदावर त्याचा एक भाऊ होता, विधवा, विम्याच्या कागदावर दुसरा, विडो, आणि सातबाऱ्यावर तो स्वतः. तीन कचेऱ्यांतून तिला एकाच शब्दानं तीनदा हाक मारली होती. खाली मॅडमनी सांगितलेल्या दोन ओळी टिपलेल्या होत्या. पहिली : मूळ धातूचा अर्थ वेगळं होणं, तुटणं, भाग पडणं. नवरा नसणं हा त्याचा अर्थ नाही. आणि दुसरी, जिच्याखाली तिनं तेव्हा दोन रेघा मारल्या होत्या : धव म्हणजे नवरा, हा शब्द मागाहून बनला. विधवा हा शब्द लोकांनी चुकीच्या जागी फोडला, वि म्हणजे शिवाय असं धरलं, आणि मग उरलेल्या धवाला नवरा ठरवलं. फारसीवाल्यांनाही तसंच वाटत असणार, बेघर, बेकार, तशी बेवा. पण शब्दात नवरा नव्हताच. शब्द फोडल्यावर तो त्यातून निघाला.

सत्यशीला जमिनीवर बसली होती, पाठ पलंगाला टेकून. इंद्रजित असता तर हसला असता, म्हणाला असता, म्हणजे मी तुह्या मागून आलो म्हणा. तो गेला तो रविवार होता. सकाळी नऊला बाहेर जायला निघाला, दारात बसून बुटाची नाडी बांधत होता आणि तसाच बसून राहिला. ती स्वयंपाकघरातून त्याच्याशी बोलत होती, पोहे भिजवलेत, थांबून जा, असं काहीतरी. उत्तर आलं नाही तरी ती बराच वेळ बोलत होती. त्या बोलण्याचं तिला अजून भय वाटायचं. आपण नक्की कुठल्या वाक्याच्या मधे एकट्या झालो, ते तिला आता कधीच कळणार नव्हतं. दुपारी माणसं जमली, भन्तेजी आले, त्रिशरण झालं, आणि त्या सगळ्यात एक लांबची चुलतसासू तिला मोरीत घेऊन गेली. तिनं दगडावर तिच्या बांगड्या फोडल्या आणि म्हणाली, "आपल्यात नाही हे, पन लोकं पाहतेत, बाई." काचेचा एक तुकडा मनगटात रुतला. तो काढायचं कुणाला सुचलं नाही, तिलाही नाही, तिसऱ्या दिवशी ते पिकलं. तेव्हा ती काही बोलली नव्हती. आता पेटीशेजारी बसून तिला त्या गप्प बसण्याचाच राग आला. तो चढत गेला नाही, आत कुठेतरी घट्ट बसला, आणि बसल्यावर तिला बरं वाटलं, बऱ्याच दिवसांनी पाय जमिनीला लागावेत तसं.

अपेक्षाचा फोन आला. ती पुण्यात एका कंपनीत लागून सहा महिने झाले होते. सत्यशीलानं हक्कसोडीचं सांगितलं तेव्हा ती सरळ म्हणाली, "देऊन टाक ना, आई. आपण कधी तिथे राहणार आहोत का? काका एवढी वर्षं करताहेत. उगाच नात्यात वाईटपणा."

"तुझीही सही लागेल."

"मी देते की. कुरिअर कर."

"नको देऊ," सत्यशीला म्हणाली. "मी सांगेपर्यंत नको."

"तुला शेती करायची आहे?" अपेक्षानं विचारलं, आईला ताप आहे का विचारावं त्या सुरात.

"मला आधी वाटणी करायची आहे," सत्यशीला म्हणाली. हे तिनं ठरवलं कधी, ते तिला माहीत नव्हतं. पण वाक्य तोंडातून बाहेर पडलं तेव्हा ते तयारच होतं.

शनिवारी शाळा सकाळची होती. ती सुटल्यावर तिनं दारव्ह्याची बस धरली. लोहाऱ्याचे कारखाने खिडकीतून गेले. त्यातल्या एका फाटकातून इंद्रजित वीस वर्षं आत-बाहेर करत होता, तिनं त्या बाजूला मान वळवली आणि पुन्हा समोर केली. पंचनाम्यांमुळे तलाठी कचेरी शनिवारीही उघडी होती, आणि तलाठी मोनाली नावाची तिशीच्या आतली मुलगी होती. टेबलावर लॅपटॉप, शेजारी बासनात बांधलेली जुनी दफ्तरं, बाहेर ओट्यावर सोयाबीनच्या पंचनाम्याला आलेली माणसं. सत्यशीलानं सातबारा पुढे ठेवला आणि बोट त्या शब्दावर टेकवलं. "हा शब्द काढायचा आहे."

मोनालीनं वाकून पाहिलं. "काहून मॅडम? नाव तर बराबर आहे. आमच्या रेकॉर्डात असंच राह्यते. नवरा असला का जौजे, नसला का बेवा. जुन्या फेरफारापासून चालत आलं ते."

"माझ्या जागी माझा नवरा असता, आणि मी गेले असते, तर त्याच्या नावात काय लिहिलं असतं?"

मोनालीचं बोट लॅपटॉपच्या कळीवर तसंच राहिलं. "काहीच नाही," ती म्हणाली. बाहेर कुणीतरी खोकलं. तिनं टेबलाचा खण उघडून कोरा कागद काढला. "लेखनप्रमाद दुरुस्ती म्हनून तहसीलदार साहेबाच्या नावानं अर्ज द्या. वेळ लागीन, पन होते. मी अहवाल लावते खालून." मग आवाज उतरवून म्हणाली, "बबनराव हक्कसोडीचं विचारून गेलते मंगळवारी. तुमाले सांगतलं काय त्यायनं?"

"सांगितलं."

"मंग सही कराच्या आधी घरी बसून वाचजा. इथं बाया येतेत, कुठं आंगठा देऊ म्हनतेत अन् देऊन जातेत."

सत्यशीलानं तिथेच बसून अर्ज लिहिला. अर्जदाराचं नाव लिहिताना तिनं नेहमीच्या सवयीनं सत्यशीला लिहिलं आणि पेन उचललं. पुढे इंद्रजित लिहावं की नाही, यावर ती किती वेळ थांबली कोण जाणे. त्याचं नाव तिला नको होतं असं नव्हतं, ते तिला हवंच होतं. मधला बेवाचा दरवाजा नको होता. तिनं लिहिलं, सत्यशीला इंद्रजित मुनेश्वर, आणि खाली दुसरा अर्ज लिहायला घेतला, सामाईक गटाच्या वाटणीचा.

रविवारी दारव्ह्याहून काळीपिवळी जीपनं ती गावात उतरली. घर दोन खोल्यांचं, पुढे पत्र्याचा मांडव. मांडवात सासरे नागोराव खाटेवर बसले होते. ब्याऐंशी वर्षांचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मास्तर म्हणून निवृत्त झालेले, अजूनही रोज दाढी करणारे. गावातलं आठ एकर वावर त्यांनी पगारातून तीन वेळा तुकड्यातुकड्यानं घेतलं होतं आणि बारा वर्षांपूर्वी दोन्ही मुलांच्या नावानं सामाईक करून दिलं होतं. "जयभीम, मामाजी," ती म्हणाली आणि खाटेच्या पायथ्याशी बसली. जाऊबाई, नयन, चहा ठेवून आत गेल्या आणि दाराआडच उभ्या राहिल्या असाव्यात, कारण आत भांड्याचा आवाज झाला नाही. बबनरावांनी पिशवीतून कागद काढला. तो हिरवा स्टँपचा कागद होता, खाली तिच्या आणि अपेक्षाच्या नावापुढे पेन्सिलीनं फुल्या केलेल्या. "इथं अन् इथं," ते म्हणाले. "अपेक्षाच्या लग्नाचं मी पाहीन, वहिनी. मी आहो ना."

"भाऊजी, मी सही करत नाही," सत्यशीला म्हणाली. "मी वाटणीचा अर्ज काल दारव्ह्याला देऊन आले."

बबनरावांचा चेहरा आधी उतरला आणि मग लाल झाला. त्यांनी तो कागद खाटेवर ठेवला, तो वाऱ्यानं हलू लागला म्हणून त्यावर चष्म्याचं घर ठेवलं. "म्हंजे झालं," ते म्हणाले. "वीस वर्षं झाली मी त्या वावरात मरून राह्यलो. दादा एक दिवस डवऱ्यामागं आला नाही. विहीर मी खंदली. आता तुमी येता अन् अर्ध मागता. तुमाले कोन्तं पीक कवा पेरतेत हेच माहीत नाही."

हे सगळं खरं होतं. मांडवाच्या पत्र्यावर ऊन वाजत होतं. क्षणभर तिला वाटलं, अपेक्षा म्हणते तेच बरोबर असेल, एक सही, मग संध्याकाळची बस, मग काहीच नाही. तो रिकामेपणा तिला ओळखीचा होता, गेले दहा महिने ती त्यातच वावरत होती आणि तो आरामाचाही होता, त्यात कुणी काही मागत नव्हतं. मग ती म्हणाली, "तुम्ही राबलात ते मी नाकारत नाही. तुमचे चार एकर तुमचे आहेत, त्यातला वीतभर मला नको. विहीर तुम्ही खणली, तिचं पाणी तुम्ही ठरवाल तसं. पण मी कागदावरून जाणार नाही. पेरायचं शिकेन. चुकेल. पण जाणार नाही."

बबनराव वडिलांकडे वळले. "बाबा, तुमी बोला."

नागोरावांनी हात पुढे केला. "सातबारा दाखव." तिनं पिशवीतून प्रत काढून दिली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ नेली. ओठ हलत होते. तिच्या ओळीवर आल्यावर ओठ थांबले. "हे काय लिवलं हो यायनं," ते हळू म्हणाले.

"ते काढण्याचाही अर्ज दिलाय, मामाजी."

"बाबा, ते सरकारी रीत आहे," बबनराव म्हणाले. "त्यात काय."

"मले माहीत आहे रीत," नागोराव म्हणाले. "तुले नाही माहीत." त्यांनी कागद मांडीवर पालथा घातला. मग ते जे बोलले ते घरात कुणी याआधी ऐकलेलं नव्हतं, हे बबनरावांच्या चेहऱ्यावरून तिला कळलं. "मी तीन महिन्याचा होतो तवा माहा बाप गेला. माय एकोणीस वर्षाची. शाळेत आमी दोघं नागो. एक पाटलाचा नागो, अन् दुसरा मी. मंग गुरुजी हजेरी घेताना म्हनत, बेवा कौतिकाचा नागो. रोज. मले वाटे, बेवा हे तिचं नावच होय. जसं कोनाचं शांताबाई, तसं बेवाकौतिका. चौथीत गेलो तवा कोनी सांगतलं." त्यांनी मांडीवरचा पालथा कागद तळहातानं सपाट केला. "छप्पन साली ती मले घेऊन नागपूरले गेलती. दीक्षेले. चौदा वर्षाचा होतो मी. परत आलो, अन् दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली. वावरातून, तशीच, हात चिखलाचे. म्हने, गुरुजी, आता माहं नाव नुसतं कौतिका. माह्या पोराले माह्या दुःखाच्या नावानं हाक मारू नका. गुरुजी हासले. ती गेली. दुसऱ्या दिवशी पुन्यांदा आली. तिसऱ्या दिवशी पुन्यांदा. मले लाज वाटे, पोरं हासत. तिसऱ्या दिवशी गुरुजीनं हजेरी घेतली अन् म्हन्लं, नागो दुसरा. बस. तवापासून मी नागो दुसरा."

दाराआड नयननं पदर तोंडाला लावला होता. बबनराव जमिनीकडे बघत होते. सत्यशीलाला कौतिका कधीच दिसली नव्हती, घरात तिचा फोटोही नव्हता. पण खाटेवरच्या म्हाताऱ्याचा जबडा आता जसा आवळला होता, त्यावरून ती शाळेच्या दारात कशी उभी राहिली असेल हे तिला अगदी स्पष्ट कळलं, डावा पाय किंचित पुढे, मान न हलवता. इंद्रजितही असाच उभा राहायचा, फ्यूज बदलताना.

"तो शब्द खूप जुना आहे, मामाजी," ती म्हणाली. "चार-पाच हजार वर्षांचा. फारसीत बेवा, संस्कृतात विधवा, इंग्रजीत विडो, सगळं एकच. आणि त्याच्या मुळाचा अर्थ नवरा मेलेली असा नाही. वेगळं होणं, भाग पडणं, असा आहे. इंग्रजीतला डिव्हाइड त्याच मुळातून आला."

नागोराव मास्तर होते. त्यांनी डोळे बारीक करून ते मनात मांडून पाहिलं. "डिव्हाइड," ते म्हणाले. "म्हंजे भागाकार."

"हो."

"म्हंजे वाटनीच की."

"वाटणीच."

म्हाताऱ्यानं मान हलवली, शाळेत पोरानं गणित बरोबर सोडवल्यावर हलवावी तशी. मग बबनरावांकडे न बघता म्हणाले, "दोन भाग कर. विहीर सामाईक. तुह्या मेहनतीचं वावर मी जाऊ देनार नाही, उगोनतीचा भारी तुकडा तुले. पन तिचा भाग तिले मोजून दे."

बबनराव उठले आणि मांडवाबाहेर गेले. हिरवा कागद खाटेवरच राहिला. तो नागोरावांनी उचलला, घडी घातली आणि चहाच्या बशीखाली ठेवला, कारण बशी हलत होती.

त्यानंतर कित्येक महिने बबनराव तिच्याशी बोलले नाहीत. संमतीच्या जबाबावर त्यांनी सही केली, पण तहसीलच्या आवारात तिच्यापासून दहा पावलं दूर उभे राहून. एप्रिलमध्ये मोजणी झाली. मोजणीदारानं तिपाईवर यंत्र लावलं, इकडून तिकडे गेला, आणि मधे दगड गाडायच्या जागा चुन्यानं दाखवल्या. सत्यशीला डोक्यावर ओढणी घेऊन दिवसभर त्याच्यामागे चालली. मावळतीकडचा तुकडा तिचा होता, मुरमाड, एका कडेला पळसाची रांग. पाय भाजत होते. तिला या जमिनीबद्दल काही वाटायला हवं होतं असं तिला वाटलं, पण वाटत फक्त एवढंच होतं की ही खूप मोठी आहे आणि हिच्यात कामं खूप आहेत, आणि त्या विचारानं तिला भीती वाटण्याऐवजी भूक लागली. मे महिन्यात तहसीलदारांचा आदेश आला. नव्या उताऱ्यावर तिचं नाव तिनं अर्जात लिहिलं होतं तसं होतं. तिनं तो मोबाइलवरून अपेक्षाला पाठवला. अपेक्षानं बऱ्याच वेळानं उत्तर पाठवलं, "आई, मी जूनमध्ये आठ दिवस रजा टाकू का?"

ती आली. मृगात पेरणी साधली नाही, आर्द्रा नक्षत्रात साधली. तांड्यावरच्या भावसिंगनं ट्रॅक्टरनं पेरून दिलं, दोघी मायलेकी त्याच्यामागे बियाण्याची थैली धरून फिरल्या. एका पट्ट्यात बी दाट पडलं आणि एका पट्ट्यात उगवलंच नाही. सत्यशीलानं दर शनिवारी दुपारची बस धरली आणि रविवारी रात्री परत आली. तिच्या नखांत माती राहू लागली, वर्गात खडू धरला की ती दिसायची. काही संध्याकाळी यवतमाळच्या घरात ती अजून स्वयंपाकघरातून काहीतरी बोलायची आणि उत्तराची वाट बघायची. ते थांबलं नव्हतं. पण आता बोलून झाल्यावर ती दिवा मालवून झोपायची.

ऑगस्टमध्ये पीकपाहणीची मुदत संपत आली. आता ती शेतकऱ्यानं स्वतःच मोबाइलवर करायची होती, वावरात उभं राहून, उभ्या पिकाचा फोटो काढून. त्या रविवारी पाऊस सकाळीच उघडला होता. सत्यशीला धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभी राहिली, खातं निवडलं, गट निवडला, पीक सोयाबीन, आणि फोटोचं बटण दाबलं. पडद्यावर लाल अक्षरं आली : आपण निवडलेल्या गटाच्या हद्दीबाहेर आहात. तिनं पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. तिनं चार पावलं इकडे टाकली, चार तिकडे.

"तिथून नाही होत ते," मागून आवाज आला. विहिरीच्या काठाला बबनराव उभे होते, खांद्यावर पंप, हातात नळी. इतक्या महिन्यांनंतर ते पहिल्यांदा बोलत होते आणि तेही तिच्याकडे न बघता, तिच्या पिकाकडे बघत. "वावराच्या मधात जा लागते, वहिनी. धुऱ्यावर उभं राहून नाही घेत ते."

तिनं चपला काढून धुऱ्यावर ठेवल्या आणि आत शिरली. माती थंड होती आणि पायाला ओढत होती. सोयाबीन गुडघ्याला लागत होतं, पानांवरचं पाणी साडीत उतरत होतं. मोबाइल छातीशी धरून ती ओळीतून चालत राहिली. लाल अक्षरं तशीच होती.

"अजून आत," बबनराव म्हणाले. "अजून थोडं."

आणखी वीसेक पावलांवर अक्षरं गेली. पडद्यावर नुसतं पीक दिसू लागलं, हिरवं, असमान, एका पट्ट्यात दाट आणि एका पट्ट्यात विरळ. तिनं लगेच बटण दाबलं नाही. ओळीच्या मधोमध तिला रेशीमकाट्याचं एक हातभर वाढलेलं रोप दिसलं होतं. तिनं मोबाइल पोलक्यात खोचला, वाकली आणि त्याच्या बुडाशी हात घातला.

"निघाला काय फोटो?" बबनरावांनी विचारलं.

"थांबा भाऊजी," ती म्हणाली, "आधी हे तण उपटते."